पासपोर्टची रांग आली कुठून

पासपोर्ट रिन्यू करायला गेलेल्या माणसाचा राग सहसा काउंटरपलीकडे बसलेल्या माणसावर निघतो. हातात टोकन, बोर्डवरचा नंबर काही पुढे सरकत नाही, फाइल चार वेळा उघडून बघून झालेली असते, आणि काम काय तर जुनं पुस्तक देऊन नवं घ्यायचं, नाव तेच, जन्मतारीख तीच. मलाही तसाच राग यायचा. पण याचा इतिहास वाचत गेलो तसं जाणवलं की या रांगेची सुरुवात बरेचदा त्या ऑफिसात झालेलीच नसते, कुठेतरी दहा-वीस वर्षं आधी कोणीतरी एक नियम केलेला असतो आणि त्याची तारीख आज आपल्यावर येऊन पडते.

एक काळ असा होता की हे सगळं बंद पडत आलं होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात रेल्वे आली, एकेका गाडीतून शेकडो माणसं सीमा ओलांडायला लागली आणि प्रत्येकाचा कागद तपासणं जमेना. फ्रान्सने १८६१ साली पासपोर्टची सक्तीच काढून टाकली, इतर काही देशांनीही ढील दिली. रशिया आणि ऑटोमन साम्राज्य सोडलं तर १९१४ पर्यंत युरोपात बऱ्याच ठिकाणी माणूस नुसतं तिकीट काढून परदेशात जायचा.

मग पहिलं महायुद्ध. हेरांची भीती, सैन्यातून पळून जाणाऱ्यांची भीती, त्यामुळे सक्ती परत आली आणि यावेळी फोटोसकट. युद्ध संपलं तरी ती गेली नाही. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाने (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) पॅरिसला परिषद घेतली, तिथे आजच्या पासपोर्टचा साचा ठरला: ३२ पानी पुस्तक, त्यातली २८ पानं व्हिसासाठी, किमान दोन भाषा आणि त्यातली एक फ्रेंच. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्याच परिषदेत असंही म्हटलं होतं की युद्धाआधीसारखी मोकळीक परत यावी हीच सगळ्यांची इच्छा आहे, फक्त सध्या ते शक्य नाही. ते "सध्या" शंभर वर्षं झाली तरी चालूच आहे.

आता रिन्यू या शब्दाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. पूर्वी बऱ्याच देशांत रिन्यू करणं म्हणजे त्याच पुस्तकात शिक्का मारून मुदत वाढवून घेणं. पुढे विमानप्रवास वाढला, विमानतळावर माणसं तुंबायला लागली, म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० साली मशीनने वाचता येणाऱ्या पासपोर्टचं मानक आणलं. फोटोच्या पानावर खाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी दिसतात त्या याच मानकाच्या. त्या ओळींमध्ये मुदत संपायची तारीखही असते, त्यामुळे हाताने शिक्का मारून भागत नाही, मशीन जुनीच तारीख वाचणार, म्हणजे पुस्तकच नवीन छापायला हवं. १९९८ मध्ये मलेशियाने चिपवाला पासपोर्ट पहिल्यांदा काढला आणि पुढे अनेक देशांनी चिपमध्ये बोटांचे ठसेही घ्यायला सुरुवात केली, मग जिथे ठसे लागतात तिथे म्हाताऱ्या माणसालाही स्वतः जाऊन उभं राहावं लागतं, घरच्यांनी जाऊन भागत नाही. विमानतळावरची रांग कमी करायला जे केलं त्यातला बराच भार या ऑफिसांवर आला असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नियम बदलला की लाट येतेच. ब्रिटनमध्ये १९९८ च्या ऑक्टोबरपासून मुलांना वेगळा पासपोर्ट लागायला लागला, नेमकी त्याच सुमारास नवीन कॉम्प्युटर सिस्टीम बसवली जात होती, आणि १९९९ च्या उन्हाळ्यात साडेपाच लाखांहून जास्त अर्ज तुंबले. माणसं पावसात रांगेत उभी राहिली, त्यांच्यासाठी सरकारने छत्र्या विकत घेतल्या, हे तिथल्या सरकारी ऑडिट रिपोर्टमध्येच आहे. शेवटी पोस्ट ऑफिसमधून फुकटात दोन वर्षं मुदत वाढवून द्यायला सुरुवात केली, म्हणजे जुनाच उपाय परत आणला!

अमेरिकेचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. जानेवारी २००७ पासून कॅनडा, मेक्सिको, कॅरिबियनहून विमानाने येणाऱ्या अमेरिकन लोकांनाही पासपोर्ट सक्तीचा झाला आणि त्या एका वर्षात १ कोटी ८० लाखांहून जास्त पासपोर्ट द्यावे लागले, इतका उशीर व्हायला लागला की काही महिने नुसती अर्जाची पावती दाखवून विमानात बसू दिलं. मोठ्या माणसांच्या त्या पासपोर्टची मुदत दहा वर्षं. म्हणजे ती सगळी माणसं २०१७ च्या आसपास एकदमच परत रिन्यूला येणार हे कॅलेंडरवर लिहिल्यासारखं होतं, आणि तिथल्या परराष्ट्र खात्याने तशी गर्दी होणार असं आधीच सांगितलंही होतं. कोविडनंतर २०२२ मध्ये उलट्या बाजूने तेच झालं, दोन वर्षं बऱ्याच जणांनी रिन्यू केलंच नाही, मग ते एकाच वेळी आले.

त्यात अनेक देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणजे दहा वर्षांचं पुस्तक कामाला येतं ते साडेनऊच वर्षं, आणि पुढची रांग तेवढी अलीकडे सरकते.