'बिगिनर पीक'ची कुंडली

आमच्याकडे डोंगर म्हटला की मेळघाटाचा, त्यातही चिखलदऱ्याजवळचा बैराट म्हणजे शेवट. ११७७ मीटर, विदर्भात यापेक्षा उंच काही नाही. अशा परतवाड्याकडच्या आमच्या गावात पुतण्यानं परवा मोबाईल पुढे केला, त्यावर जाहिरात: फ्रेंडशिप पीक (पीक म्हणजे शिखर), ५२८९ मीटर, बिगिनर फ्रेंडली, अनुभव नसला तरी चालेल. दादा तिथंच बाजेवर बसला होता. तो म्हणे, "काऊन रे, सोयाबीन सोंगाले आलं आन् तू बर्फ पाहाले चालला?"

पुतण्याचा प्रश्न वेगळा होता. काका, हे बिगिनर कोण ठरवते? प्रश्न साधा आहे पण उत्तर मागं १९५३ पर्यंत जाते, म्हणून लिहायला बसलो.

१९५३ म्हणजे हिलरी आणि तेनझिंगचं एव्हरेस्ट, २९ मे, हे शाळेतच पाठ झालंय. पण त्याच मोहिमेतल्या लोकांनी आधी सराव म्हणून, अंगाला विरळ हवेची सवय व्हावी आणि ऑक्सिजनची यंत्रं तपासून पाहता यावी म्हणून बाजूची छोटी शिखरं चढून पाहिली, त्यातलं एक आयलंड पीक. खालच्या दिंगबोचे गावाकडून पाहिलं की बर्फाच्या समुद्रात बेट उभं असल्यासारखं दिसते म्हणून एरिक शिप्टन या इंग्रज गिर्यारोहकाच्या लोकांनी हे नाव ठेवलं होतं, पुढे १९८३ मध्ये ते इम्जा त्से झालं, पण लोकांच्या तोंडी अजून आयलंडच. उंची ६१६० च्या आसपास. ते चढणाऱ्यांत चार्ल्स इव्हान्स, आल्फ्रेड ग्रेगरी, चार्ल्स वायली होते आणि खुद्द तेनझिंग होता. आज ज्या शिखराला लोक सोपं म्हणतात त्यावरचा पहिला 'बिगिनर' तेनझिंग नोर्गे, आता बोला!

दुसरी गोष्ट जिमी रॉबर्ट्सची, ती मला जास्त आवडते. हा गुरखा पलटणीतला इंग्रज अफसर. त्याच मोहिमेसाठी ऑक्सिजनचा मागून येणारा साठा पोहोचवायचं काम याच्याकडे होतं. सामान पोहोचवलं, आणि मुख्य लोक एव्हरेस्टच्या मागे असताना हा सेन तेनझिंग नावाच्या शेर्पाला (एव्हरेस्टवाला तेनझिंग वेगळा) घेऊन दुसऱ्याच खोऱ्यांत फिरायला निघून गेला आणि २० मे १९५३ ला दोघं मेरा पीकवर जाऊन आले. एव्हरेस्टच्या नऊ दिवस आधी, त्यामुळे कोणाचं लक्षच गेलं नाही. मेराची उंची ६४७६ मीटर सांगतात, म्हणजे बैराटवर बैराट असे पाच ठेवले तरी कमीच पडते.

हाच रॉबर्ट्स नंतर काठमांडूला ब्रिटिश दूतावासात लष्करी अधिकारी झाला आणि रिटायर झाल्यावर १९६४ मध्ये त्यानं माउंटन ट्रॅव्हल नावाची कंपनी काढली. तंबू, स्वयंपाकी, शेर्पा, हमाल सगळं आमचं, तुम्ही फक्त चाला, अशी सोय. १९६५ च्या पहिल्या ट्रेकला गिऱ्हाईक किती, तर तीन अमेरिकन बायका, त्याही वयस्कर. आज जे पॅकेज पुतण्याच्या मोबाईलवर दिसते त्याचा पणजोबा हाच धंदा.

मग शिखरांचं काय? नेपाळमध्ये मोठ्या शिखरावर जायचं तर सरकारी परवाना, जबर फी, वर सोबत सरकारचा लायझन ऑफिसर, म्हणजे देखरेखीचा माणूस, न्यावा लागे. चार दोस्तांना पंधरा दिवसांत एखादं शिखर करून यायचं असेल तर हा सगळा बारदाना परवडत नव्हता. नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशन १९७३ मध्ये झाली होती, तिच्याकडे १९७८ मध्ये १८ शिखरांचे परवाने द्यायचं काम सोपवलं, फी कमी, लायझन ऑफिसर नाही. या यादीचं नाव पडलं 'ट्रेकिंग पीक'. २००२ मध्ये आणखी १५ शिखरं जोडली. म्हणजे हा शब्द निघाला परवान्याच्या खिडकीतून! चढ किती कठीण आहे ते त्यात मोजलेलंच नाही. याच यादीत मेरासारखं लांबच लांब बर्फावरून चालायचं शिखरही आहे आणि दोराशिवाय एक पाऊल टाकता येणार नाही अशीही आहेत. आपल्याकडे हा शब्द आला तो जाहिरातवाल्यांच्या पाटीवर बसून, आणि येता येता त्याचा अर्थ झाला 'सोपं'.

आता फ्रेंडशिप पीक. मनालीजवळ सोलंग, तिथून धुंडी, बकरथाच, असा रस्ता. समोर हनुमान टिब्बा दिसतो, ५९३२ मीटर. त्याला इंग्रज सोलंग वाइसहॉर्न म्हणत, १९१२ मध्ये चार्ल्स ब्रूसच्या टोळीतल्या हाइनरिश फ्यूरर या स्विस गाइडनं तो चढला होता. हाच ब्रूस पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता झाला.

मी गेलो होतो तिथं, दोन वर्षांआधी. वर नाही पोहोचलो. रात्री एक वाजता तंबूबाहेर बुटाला क्रॅम्पॉन बांधत होतो, क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखालचे लोखंडी दात, आणि आपल्याला वाटते जन्मभर बैलाचे कासरे बांधले, पट्टा काय चीज आहे. हातमोज्यात बोटं लाकडासारखी. पट्ट्याचं उरलेलं टोक पायाच्या आतल्या बाजूला लोंबत राहिलं. कुलूचा गाइड होता, काही न बोलता गुडघ्यावर बसला, सगळं सोडलं आणि टोक बाहेरच्या अंगाला घेऊन परत बांधलं. आत राहिलं की दुसऱ्या पायाचे दात त्यातच अडकतात आणि माणूस तोंडावर पडते, उतारावर असला तर खालीच जाते. हे मला चढायच्या रात्री कळलं, कारण भाड्याचे बूट आणि एका दुपारचा सराव एवढ्यावर आम्हाला वर नेलं होतं. बूटही एक नंबर मोठा निघाला, टाच सोलली, पहाटे परत फिरलो.

शिकायची सोय नाही असं नाही. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, एव्हरेस्टनंतर तेनझिंगला तिथंच प्रशिक्षणप्रमुख केलं. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. बेसिक कोर्स जवळपास महिनाभराचा असतो. आणि २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी पोट्टे-पोट्टी एव्हरेस्टवर गेली ती काही जाहिरात पाहून नाही, आधी बरेच महिने त्यांच्याकडून तयारी करून घेतली होती.

पुतण्याला मग स्तोक कांगरीचं सांगितलं. लेहजवळ, ६१५३ मीटर, 'नॉन टेक्निकल', म्हणजे दोरावरची चढाई न लागणारी, म्हणून इतकी नावाजली की दर सीझनला रांगच लागायची, ज्याला त्याला सहा हजारी व्हायचं होतं. खाली स्तोक गाव. त्याचं प्यायचं आणि शेतीचं पाणी याच डोंगराच्या बर्फाचं, आणि वर कॅम्पवर माणसं, घोडे, कचरा, घाण, सगळं त्याच ओढ्याच्या उशाशी. गावकरी आणि तिथल्या पर्वतारोहण संघटनांनी मिळून २०२० पासून शिखर बंद केलं. आमच्या पुतण्याला हे लय अन्यायाचं वाटलं, एवढं फेमस शिखर न् बंद?

दादा इतक्या वेळ गप्प होता. म्हणे, "बरोबर केलं त्यायनं. आपल्या हिरीत कोनी पाय धुतले तं आपन काय केलं असतं?" तेवढ्यात थ्री फेज लाइन आली, तो टॉर्च घेऊन वावराकडे मोटर चालू करायला गेला आणि पुतण्या मला विचारत होता, काका, बूट भाड्यानं न घेता विकत घेतले तर कितीला पडतात.