पत्र्याचा रिव्हर्ब

ताणून टांगलेल्या पातळ पोलादी पत्र्यात आवाज सोडायचा आणि त्याच पत्र्याच्या कंपनातून घुमारा परत उचलायचा, या पद्धतीला स्टुडिओत प्लेट रिव्हर्ब म्हणतात. १९५७ साली जर्मनीत आलेल्या ईएमटी १४० या यंत्राने ती रूढ झाली. त्यातला पत्रा सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड होता, आणि पेटीसकट वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास भरे. त्याआधी घुमाऱ्यासाठी अख्खी एक रिकामी खोली राखून ठेवावी लागे. घरच्या स्टुडिओसाठी हे यंत्र बांधताना खर्ची पडणारी मेहनत बहुतेक लोहारकामाची असते. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये पत्रा कापणारे आणि चौकट जोडून देणारे मिळणे अवघड नाही.

पत्रा. सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा घ्यावा. आठ बाय चार फुटांच्या ०.५ मिमी शीटमधून दोन बाय एक मीटरचा तुकडा कापून घेतला की त्याचे वजन सुमारे ७.८ किलो भरते. गुंडाळीतून काढून सरळ केलेला किंवा कोपऱ्यात घडी पडलेला पत्रा फुकट मिळाला तरी घेऊ नये. ती घडी पुढे प्रत्येक जोरकस सुरावर खडखडते आणि ठोकून कधीच पूर्ण जात नाही. आकारात काटकसर करणेही महागात पडते. पत्र्याच्या स्वाभाविक कंपनांच्या वारंवारता एकमेकींच्या किती जवळ, म्हणजे किती दाट आहेत, यावर घुमाऱ्याचा गुळगुळीतपणा ठरतो. हा दाटपणा क्षेत्रफळासोबत वाढतो आणि जाडीसोबत घटतो. वरच्या मापात दर हर्ट्झमागे साधारण १.३ कंपने बसतात. तीन बाय दोन फुटांच्या १ मिमी पत्र्यात तीच संख्या साडेपाच हर्ट्झमागे एक इतकी विरळ होते, आणि कानाला घुमारा नव्हे तर परात वाजल्यासारखे ऐकू येते.

चौकट आणि ताण. ४० बाय ४० मिमीच्या चौकोनी पाइपची, २ मिमी जाडीची चौकट पुरते. पत्र्याभोवती प्रत्येक बाजूला आठ-दहा सेंटिमीटर जागा सोडावी. जिना अरुंद असेल तर चौकट वेल्ड न करता कोपऱ्यांत बोल्टने जोडावी. सव्वादोन मीटरचा आयत वळणावर अडकतो, हे वेल्डिंग झाल्यावरच कळते. लाकडी चौकट मात्र टाळावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि ताण दर महिन्याला नवा होतो. पोलादी चौकट आणि पोलादी पत्रा एकाच प्रमाणात प्रसरण पावतात. फक्त खिडकीतून पत्र्यावर थेट ऊन पडत असेल तर पातळ पत्रा आधी तापतो आणि ढिला पडतो.

चारही कोपऱ्यांवर दुहेरी पट्टी रिव्हेट करून मगच भोके पाडावीत, नाहीतर ताण येताच भोक फाटून कडेपर्यंत जाते. त्यात आय बोल्ट (टोकाला कडी असलेला बोल्ट) किंवा टर्नबकल (फिरवून ताण देता येणारा दुवा) अडकवावेत. एका कोपऱ्याला पाव आटा दिला की समोरच्या तिरप्या कोपऱ्याला पाव आटा, असे फिरत जावे. मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकावे. ताण कमी असेल तर पत्रा पाठीमागे लवतो आणि ‘वुंग’ असा हेलकावा येतो. योग्य ताणावर हेलकावा जातो आणि बारीक, लांब खणखणाट उरतो. त्यापुढे जोर लावून काही मिळत नाही, फक्त कोपरे सैलावतात.

सोडणे आणि उचलणे. आवाज सोडायला एक्सायटर, म्हणजे कोन नसलेला स्पीकर, लागतो. २० वॉटच्या क्लास डी अँप्लिफायर बोर्डवर तो आरामात चालतो. तो एपॉक्सीने चिकटवावा. सिलिकॉन मऊ राहून वरचे सूर गिळते. चुंबकाचे वजन चौकटीच्या आडव्या पट्टीवर पेलले तर पत्रा मोकळा राहतो, पण ही पट्टी ताण पूर्ण दिल्यानंतरच बसवावी. आधी बसवली की ताण देताना पत्रा सरकतो आणि कॉइल घासू लागते. एक्सायटर आणि पिकअप, म्हणजे पत्र्याचे कंपन उचलणारे भाग, मध्यावर किंवा नेमक्या निम्म्या, तिसऱ्या भागावर नकोत, कारण तिथे बरीच कंपने शून्य असतात. डावीकडून ८५ सेंमी आणि खालून ४२ सेंमी ही एक्सायटरची चालणारी जागा आहे.

पिकअप म्हणून २७ मिमीच्या दोन पिएझो चकत्या (कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या) कडांपासून वेगवेगळ्या अंतरांवर लावाव्यात. त्यातून डावे-उजवे सूर सुटे येतात. इथे एक ठरलेली चूक होते. चकतीची धारिता (कपॅसिटन्स) सुमारे २० नॅनोफॅरड असते. चकती ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे संगणकात आवाज नेणाऱ्या-आणणाऱ्या पेटीच्या, १० किलोओहम लाइन इनपुटला थेट जोडली तर ८०० हर्ट्झखालचे सारे गळून पडते, आणि लोक पत्र्याला दोष देतात. टीएल०७२ ही ऑप-अँप चिप वापरून १ मेगाओहम इनपुटचा बफर, म्हणजे मधला जोड-सर्किट, बसवला की ही सीमा ८ हर्ट्झवर येते.

जोडणी. सेंडवर, म्हणजे पत्र्याकडे जाणाऱ्या आवाजावर, १५० हर्ट्झखाली काट द्यावा, नाहीतर ढोलकीच्या थापेने पत्रा गडगडतो. पत्र्याआधी २० ते ३० मिलिसेकंदांचा विलंब दिला तर गाणाऱ्याचे शब्द मोकळे राहतात. दोनच आउटपुट असलेल्या इंटरफेसवर मॉनिटर स्पीकर बंद ठेवून ट्रॅक पत्र्यातून एकदा वाजवून नव्या ट्रॅकवर घ्यावा. घुमाऱ्याची लांबी मागच्या बाजूने जवळ-दूर सरकणाऱ्या फोम किंवा ग्लासवूलच्या फळीने ठरते. फळी पाच मिलिमीटरवर आणली की तो झपाट्याने विझतो.

स्थान. पत्रा स्वतःच एक मोठा मायक्रोफोन असल्याने तो माइकच्या आणि मॉनिटरच्या खोलीत ठेवता येत नाही. पंखा, मिक्सर, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, सारे त्यात उतरते. पत्र्याऐवजी घुमाऱ्यासाठी न्हाणीघर वापरणे हा जुना पर्याय आहे. दीड बाय २.४ बाय २.७ मीटरच्या टाइल्सच्या न्हाणीघराचा घुमारा सबाइनच्या (खोलीतल्या घुमाऱ्याची लांबी काढणाऱ्या) सूत्राने कागदावर अडीच सेकंदांच्या वर जातो, पण पीव्हीसी दार आणि खिडकी त्यातला बराच भाग खाऊन टाकतात. पत्रा उलट अंधाऱ्या, माणसे न वावरणाऱ्या खोलीत उत्तम चालतो, मात्र त्या खोलीत ओल नको. गंज चढला की एपॉक्सीखालून चकती सुटते. पावसाळ्याआधी चिकटवलेल्या जागा सोडून पत्र्यावर मशीन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवावा. ओघळ दिसला तर पुसून टाकावा, कारण तेलाचा जाड थरही कंपन खातो.