कंपनी दिवाळखोरीत गेली, पैसे अडकले: वकिलाचा खर्च कोणाच्या खिशातून?

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सुटे भाग पुरवणारे असोत की पगार थकलेले कामगार, कंपनी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली की बडोद्यातली आपली माणसं पहिल्यांदा वकील शोधायला धावतात आणि त्याची फी दाव्याच्या रकमेत जोडून टाकतात. मग ती फी कापली जाते, आणि धावपळीत दाव्याची तारीखही हुकते.

म्हणून आधी नियम सांगतो. सीआयआरपी म्हणजे कंपनीच्या दिवाळखोरीची प्रक्रिया; तिच्या 2016 च्या नियमावलीतला नियम 11 एका वाक्याचा आहे: आपलं येणं सिद्ध करण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. वकील, सीए, झेरॉक्स, अहमदाबादच्या फेऱ्या, सगळं आपलं आपण. दाव्यात धरायची ती दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली त्या दिवसापर्यंतची थकबाकी. त्याआधीच एखाद्या कोर्टाने निकालात तुम्हाला खर्च मंजूर केला असेल, तर निकालाची प्रत लावून तो जरूर मागा.

नुसता दावा दाखल करायला मात्र फी नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही. माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांनी फॉर्म बी भरायचा, बँका आणि कर्ज देणाऱ्यांनी फॉर्म सी, कामगार-कर्मचाऱ्यांनी फॉर्म डी. कामगार बरेच असतील तर सगळ्यांच्या वतीने एकच प्रतिनिधी फॉर्म ई देऊ शकतो. गरिबाचे पैसे वाचवणारी ही सोय कामगारांना कोणी आपणहून सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

घोडं अडतं ते कागदांवर. पुरवठादार बिलांचा गठ्ठा आणतात, पण बिलाबरोबर जीएसटीआर-1, जीएसटीआर-3बी या जीएसटी रिटर्नांचे उतारे आणि लागू असेल तिथे मालवाहतुकीचं ई-वे बिलही लागतं. बिल फाडलं पण रिटर्नमध्ये दाखवलं नाही, तर ती रक्कम पटवून देणं अवघड जातं. कामगारांकडे नेमणूकपत्रच नसतं. तरी हात टेकू नका. पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक, पीएफची नोंद, जे असेल ते लावा. कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांतही तुमचं येणं तपासा, असं रिझोल्यूशन प्रोफेशनलला, म्हणजे ही प्रक्रिया चालवणाऱ्या आणि दावे तपासणाऱ्या व्यावसायिकाला, लेखी कळवा.

तारखेचा घोळ तर नेहमीचा. दाव्यासाठीचे 14 दिवस मोजतात ते इंटरिम (सुरुवातीच्या, हंगामी) रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या नेमणुकीपासून. पेपरातली जाहिरात तुमच्या नजरेस पडली त्या दिवसापासून नव्हे. जाहिरातीत शेवटची तारीख छापलेली असते, तीच धरा. ती इंग्रजी आणि स्थानिक भाषेतल्या पेपरात येते, म्हणजे आपल्याकडे गुजरातीत. घरी फक्त मराठी पेपर येत असेल तर दिवाळखोरी प्रक्रियेवर देखरेख ठेवणाऱ्या आयबीबीआय या मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. उशीर झालाच, तर प्रक्रिया सुरू झाल्यापासून 90 दिवस किंवा रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी सावरण्याचे प्रस्ताव) मागवण्याची तारीख, यांतलं जे नंतर येईल तोवर दावा देता येतो; 90 दिवस उलटले असतील तर उशिराचं कारण लिहावं लागतं. पण त्या भरवशावर बसू नका.

आणखी एक: कारखाना बडोद्यात असला तरी कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असेल, तर प्रकरण मुंबईच्या खंडपीठाकडे जातं, अहमदाबादला नाही. हे न पाहता चुकीच्या शहरात वकील लावून पैसे घालवलेले लोक मी पाहिलेत.

तुम्ही स्वतःच कंपनीला एनसीएलटीत ओढणार असाल, तर हिशेब वेगळा. थकबाकी किमान 1 कोटी हवी, आधी मागणीची नोटीस देऊन 10 दिवस थांबायचं, आणि पुरवठादाराच्या अर्जाची फी 2,000 रुपये. फी पाहून हुरळू नका. अर्ज मंजूर झाला की इंटरिम रिझोल्यूशन प्रोफेशनलचा सुरुवातीचा खर्च अर्जदारालाच उचलावा लागतो. तो परत मिळतो, पण कर्जदात्यांची समिती जेवढा मान्य करेल तेवढाच, आणि त्या समितीत बहुधा बँका असतात.

उलट, रिझोल्यूशन प्रोफेशनलने कंपनीच्या वतीने लावलेल्या वकिलांची फी समितीने मंजूर केली, की ती प्रक्रियेचा खर्च ठरते आणि इतर सगळ्यांच्या आधी चुकती होते. तुमच्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलाचे पैसेही त्यातलेच, म्हणजे तुमच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या रकमेतून गेलेले. म्हणून पाच-दहा हजारांच्या कपातीसाठी भांडण्याआधी आपल्या हाती किती येणार, हे बघा.

दावा नाकारला तर कारण लेखी घ्या आणि दिवाळखोरी कायद्याच्या (आयबीसी) कलम 60(5) खाली एनसीएलटीकडे अर्ज करा. तिथेही हरलात, तर अपिलाला 30 दिवस आहेत, त्यावर सबळ कारण असेल तर फार तर 15. हे दिवस निकाल सुनावला त्या दिवसापासून धावतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत थांबू नका; प्रतीसाठीचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्या.