जमा पुरुषाच्या नावे, खर्च बाईच्या

सरकारी खतावणी स्त्री आणि पुरुष अशी वेगळी मांडली, की अनेक विकसित देशांत एकच चित्र दिसतं. पुरुष घेतात त्याहून जास्त कर भरतात, स्त्रियांचं उलट. मग 'पुरुषांनी कमवायचं आणि बायकांनी खायचं' अशी शेरेबाजी सुरू होते.

कराची तफावत कमाईच्या तफावतीहून मोठी असते, कारण कराचे दर चढते असतात. समजा, पहिले 20 हजार करमुक्त, 50 हजारांपर्यंत 20 टक्के आणि त्यावर 40 टक्के. 60 हजार कमावणारा 10 हजार कर भरेल, 40 हजार कमावणारी 4 हजार. कमाई दीडपट, कर अडीचपट.

खर्चाच्या बाजूला आयुर्मान येतं. जगभरात स्त्रिया सरासरी सुमारे 5 वर्षं जास्त जगतात, म्हणजे पेन्शन आणि औषधपाणीही तेवढं लांबतं. हप्ता मात्र लहान असतो: युरोपीय संघात 65 वर्षांवरील स्त्रियांचं पेन्शन पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे पाव हिश्शाने कमी आहे.

बालभत्त्याचा, म्हणजे मुलांच्या संगोपनासाठी सरकार देतं त्या पैशांचा, हिशेब मला सगळ्यांत कच्चा वाटतो. पैसे बहुतेकदा आईच्या खात्यात जातात, म्हणून नोंद 'स्त्रीला लाभ' अशी होते. मूल काय तिचं एकटीचं? तेच मूल मोठं होऊन कर भरतं, पण त्याला वाढवण्याचे तास या वहीत कुठेच चढत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार बिनपगारी देखभालीच्या कामाचे 76 टक्के तास स्त्रियांचे असतात.

शिवाय स्त्रीची कमाई कमी राहायला करपद्धतीही हातभार लावते. जर्मनीत 1958 पासून पतिपत्नीचं उत्पन्न एकत्र करून निम्मं-निम्मं धरता येतं. वरच्याच दरांनी पाहा: एकट्या नवऱ्याच्या 60 हजारांचे कागदावर 30-30 झाले, की घराचा कर 10 वरून 4 हजारांवर येतो. पण बायको नोकरीला लागली, की तिच्या पहिल्या पैशापासून 20 टक्के कापले जातात. तिच्या वाटचे करमुक्त 20 हजार नवऱ्याच्या कमाईने आधीच खाल्लेले असतात. स्वीडनने 1971 मध्ये पगारावरचा कर प्रत्येकाचा वेगळा केला. पुढे तिथे नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रिया बऱ्याच वाढल्या, अर्थात त्याच काळात सरकारी पाळणाघरंही वाढली होती.