क्विल्टमधील फिक्या रंगछटा

मूळ रंगात पांढरा मिसळला असता मिळणाऱ्या आकाशी, पिस्ता, मोतिया, फिक्या गुलाबी अशा छटांना चित्रकलेत टिंट म्हणतात. या मवाळ छटांना पेस्टल हे नाव पडले ते पांढऱ्या भुकटीत रंगद्रव्य मळून केलेल्या खडूंवरून. कापडाच्या बाबतीत ही व्याख्या जरा उलटी वाचावी लागते : रंगारी रंगात पांढरा घालीत नाही, तर शुभ्र केलेले कापड पातळ रंगात बुडवून त्याचा मूळचा पांढरेपणा थोडा शिल्लक ठेवतो. पांढऱ्या जमिनीवर बारीक फुले छापली, तरी लांबून पाहणाऱ्याला एकच फिकी छटा दिसते.

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, थर टाक्यांनी शिवून केलेले गोधडीसारखे पांघरूण. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातील अनेक क्विल्ट पांढऱ्यावर लालभडक आणि गर्द हिरव्या रंगांत शिवलेले असत. ही आवड पालटण्यात इंडियाना राज्यातील मॅरियन गावच्या मरी वेब्स्टर यांचा वाटा मोठा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या या बाईंचे फिक्या रंगांतील क्विल्ट ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने १९११ च्या जानेवारी अंकात रंगीत छापले आणि त्यांच्या नमुन्यांना देशभरातून मागणी येऊ लागली. १९३० च्या दशकात तर पेस्टल रंग हीच क्विल्टची ओळख होऊन बसली. मंदीच्या त्या काळात पिठाच्या आणि पशुखाद्याच्या फुलाफुलांच्या सुती पोत्यांचे कापडही त्यांत वापरले जाई.

त्या दशकातील ‘आजीची फुलबाग’ हा नमुना या रंगयोजनेचे उत्तम उदाहरण होय. मधोमध बहुधा पिवळा षट्कोन, त्याभोवती एकरंगी सहा, त्यांच्याभोवती छापील बारा, आणि दोन फुलांमध्ये पांढऱ्या किंवा फिक्या हिरव्या षट्कोनांची पायवाट. ही पायवाट केवळ शोभेची नाही. पेस्टल छटांचा उजळपणा जवळजवळ सारखा असल्याने त्या शेजारी-शेजारी आल्या की आकृतीच्या कडा विरघळतात. म्हणून मध्ये पांढरी जागा सोडावी लागते किंवा एखादा गडद तुकडा पेरावा लागतो. तुकडे मांडून डोळे किलकिले करून पाहिले, की कोणता तुकडा शेजाऱ्यात हरवतो ते लगेच कळते. उलटपक्षी, फिक्या एकरंगी कापडावर टाक्यांच्या बारीक सावल्या उठून दिसतात, त्यामुळे शिवणाऱ्याचे खरे कसब तिथेच दिसते, तसेच वाकडा टाकाही तिथेच उघडा पडतो.

महाराष्ट्रातील गोधडीतही फिके रंग भेटतात, परंतु ते बहुधा धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यांचे असतात, निवडलेले नव्हेत.

फिके कापड पातळ असल्यास आतील कडा आरपार दिसतात. म्हणून गडद तुकड्याला फिका तुकडा जोडताना शिवणीची माया (शिवणीपलीकडे सोडलेली कापडाची कड) गडद बाजूला वळवून इस्त्री करतात, आणि रंग सोडणारे लाल कापड आधी धुऊन घेतात.