वाडीवर शाळा नाही? जिल्हा परिषद शाळेतला प्रवेश आणि वाहतूक भत्ता असा मिळवा

शाळा सुरू व्हायचे दिवस आले की डोंगरातल्या वाड्यांवरून, धनगरवाड्यांवरून तोच प्रश्न येतो. पोराचा जन्मदाखला नाही, आधार नाही, शाळा खिंडीपलीकडे आहे, मग नाव घालायचं कसं? आधी मूल वर्गात बसवायचं, कागद मागून गोळा करायचे. माझ्या मनचं सांगत नाही, १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदाच तसं सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीवर काम करताना हे मला कित्येकदा कलमासकट बोलून दाखवावं लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

नाव घालताना

पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल किंवा मधेच सुटलेलं असेल, तर त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेला अभ्यास खास शिकवणीने भरून काढायचा, हे कलम ४ मध्ये आहे. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीच्या बाकावर बसवू नका. ती लाजते आणि आठवड्याभरात येणं बंद करते.

वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला असला तर उत्तमच. बाळंतपण घरी झालं असेल आणि नोंद राहिली असेल, तर आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतला उतारा, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंद, आणि तेही नसेल तर आईवडिलांचं वयाबद्दलचं लेखी निवेदन चालतं. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. उशीर झाला, जुलै-ऑगस्ट उजाडला, तरीही नाही म्हणता येत नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर हंगाम संपल्यावरच परततात. मुलाला सोबत न्यावंच लागणार असेल, तर निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं.

शाळा बदलून आलेल्या मुलाचा दाखला आधीच्या मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो. तो अडकला असला तरी नव्या शाळेने प्रवेश थांबवायचा नाही. मुलाचा पेन नंबर (म्हणजे विद्यार्थ्याचा कायम शैक्षणिक क्रमांक) माहीत असेल तर नवी शाळा ऑनलाइन मागणी टाकते, त्यामुळे तो जुन्या प्रगतिपुस्तकावर लिहून ठेवा.

आधारबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या. आधार नाही म्हणून प्रवेश किंवा योजनेचा लाभ नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. पण शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आपल्या राज्यात आधार जुळलेल्या पटावरून होते. अठरा-वीस पटाच्या शाळेत चार मुलांचे आधार जुळले नाहीत, तर कागदावर ती मुलं उरत नाहीत. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आणि लहान शाळेचा दुसरा शिक्षक अशा गळतीतूनच जातो. म्हणून प्रवेश आधारशिवाय घ्या, पण सप्टेंबर संपायच्या आत आधार काढून नाव, जन्मतारीख जुळवून घ्या.

रजिस्टरमधली ती एक ओळ

इथे जरा थांबून वाचा. प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापक जनरल रजिस्टरमध्ये एक ओळ लिहितात: मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आधी अंकांत आणि मग अक्षरांत. पुढे दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नोकरी, सगळं या ओळीवर उभं राहतं. जुन्या काळी तारीख ठाऊक नसली की सरसकट १ जून लावत. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जूनच आहे. आता तसं होऊ देऊ नका. अंगणवाडीताईंच्या वहीत मुलाची लसीकरणाची नोंद असते, तिच्यावरून खरी तारीख निघते.

एका मुलीचं नाव रजिस्टरला ‘सुरेखा’ आणि आधारला ‘रेखा’ होतं. आठवीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बँक खातं, शिष्यवृत्ती, सगळं अडलं. मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवून दुरुस्ती करता येते. शाळा सुटल्यावर तेच काम फार जड जातं. ओळ लिहून झाली की वही आपल्याकडे वळवून घ्या आणि प्रत्येक अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. यात संकोच कसला?

शाळा लांब असेल तर

राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. ती नसेल तर ये-जा करण्याची सोय करून देणं ही सरकारची जबाबदारी आहे. समग्र शिक्षा योजनेत यासाठी वाहतूक भत्ता आहे: एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत, म्हणजे शाळेच्या दहा महिन्यांसाठी महिना ६०० रुपये. पैसे थेट बँक खात्यात येतात.

हा भत्ता आपोआप मिळत नाही. आपली वस्ती ‘शाळा नसलेली’ म्हणून यादीत असावी लागते. यादी मुख्याध्यापकांपासून सुरू होते, केंद्रप्रमुख पडताळतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून ती जिल्हा परिषदेत आणि पुढे राज्याच्या वार्षिक आराखड्यात जाते. त्यामुळे जूनमध्ये जागं होऊन उपयोग नाही. आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतरच मुख्याध्यापकांना विचारा, ‘सर, आमची वाडी यादीत आहे का?’ नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.

अर्जासोबत रेशनकार्ड किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, मुलाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स आणि असल्यास आधार जोडा. खातं आईसोबत जोडखातं असलेलं बरं. अर्जात खरं वजन अंतराच्या वाक्याला असतं. ‘शाळा लांब आहे’ असं लिहू नका. असं लिहा: ‘आमच्या वस्तीपासून शाळेपर्यंत पायवाटेने इतके किलोमीटर अंतर आहे. वाटेत ओढा असून जुलै ते सप्टेंबर त्याला पाणी असते. लहान मुलांना चालत जायला इतका वेळ लागतो.’ मोबाईलच्या नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं अंतर डोंगरात निम्मंच दिसतं. एकदा शिक्षकांना सोबत घेऊन वाट चाला आणि त्यांच्यासमोर मोजा. दरड, पूर किंवा वाटेतला धोका असेल तिथे ही अंतराची मर्यादा आणखी कमी धरावी, असं केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांतही आहे.

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयात स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा ते राज्याला कळलं. अशा किती वाटा अजून कुणाच्या नजरेत नाहीत!

२० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १४,७०० शाळा २०२३ मध्ये राज्यात होत्या, आणि त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार तेव्हा पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळचे प्रयोग त्यासाठी दाखवले गेले. तुमच्या शाळेबद्दल असा प्रस्ताव आला, तर आधी वाहनाची लेखी हमी मागा. शाळा हलल्यावर हमी मागणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

आठवीनंतर

मुली गळतात त्या इथे. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो, मुलांना तिकिटात दोन तृतीयांश सवलत आहे. शाळेकडून बोनाफाईड आणि यादी गेली की पास निघतो. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत, आणि शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५,००० रुपये मिळतात. वाडीवर रस्ताच नसेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय (मुलींची निवासी शाळा), आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा किंवा वसतिगृह, हा मार्ग आहे. अपंग मुलांसाठी प्रवास आणि मदतनीस भत्त्याची वेगळी तरतूद आहे, त्याला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

नकार मिळाला तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर तारीख, सही-शिक्का नि आवक क्रमांक घ्या. मुख्याध्यापकांनी ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग कलम ३२ खाली ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार. तिथे ३ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. ते ३ महिने पोचेवरच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून पोचेची ती प्रत रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा.