समुद्री केबल : सुरक्षा आणि राजकारण

समुद्राच्या तळावरून टाकलेल्या, दोन किंवा अधिक देशांचे किनारे जोडणाऱ्या दूरसंचार तारांना समुद्री केबल म्हणतात. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून अधिक डेटा-वाहतूक या तारांमधूनच होते, उपग्रहांचा त्यातला वाटा अगदी किरकोळ आहे. लोकांचा समज नेमका उलटा असतो, कारण मोबाईल म्हटला की नजर वर जाते. पुण्यातल्या आजीने अमेरिकेतल्या नातवाला लावलेला व्हिडिओ कॉल मात्र बहुधा वर्सोव्याच्या वाळूखालून समुद्रात शिरतो.

खोल समुद्रातली केबल बागेला पाणी घालायच्या नळीएवढी, जेमतेम १७ ते २० मिलिमीटर जाड असते. मध्यभागी केसासारखे काचतंतू, त्यांच्याभोवती पोलादी तारा, मग तांब्याचे आणि सर्वांत बाहेर पॉलिथिनचे वेष्टन. ठरावीक अंतरावर, साधारण ६० ते १०० किलोमीटरवर, मंदावलेला प्रकाशसंकेत वाढवणारे रिपीटर बसवलेले असतात. त्यांना वीज लागते, ती या तांब्यातून जाते. किनाऱ्याजवळ केबलवर पोलादी तारांचे जाड चिलखत चढवतात आणि उथळ पाण्यात ती चर काढून पुरतात. चर काढणारे यंत्र म्हणजे जहाजामागे ओढला जाणारा नांगर. मराठीत शेत नांगरणारा आणि जहाज थांबवणारा अशा दोघांनाही नांगर हाच शब्द आहे. त्यामुळे केबल पुरतो तोही नांगर आणि तोडतो तोही नांगर, असे म्हणता येते.

ते खरेही आहे. जगभरात दरवर्षी केबल तुटण्याच्या किंवा बिघडण्याच्या सुमारे १५० ते २०० घटना होतात आणि त्यांतल्या ७० ते ८० टक्क्यांना मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर जबाबदार असतात. भूकंप, पाण्याखालच्या दरडी आणि यंत्रबिघाड त्यानंतर येतात. शार्क केबल चावतात ही गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडते, पण मासळीच्या चाव्याने झालेले नुकसान नगण्य आहे. २००७ मध्ये व्हिएतनामच्या मच्छीमारांनी तर चालू केबलचे लांबच लांब तुकडे भंगारात विकण्यासाठी वर ओढून काढले होते.

एखादी तार तुटली तरी ग्राहकाला सहसा कळत नाही, कारण वाहतूक दुसऱ्या केबलवर वळवली जाते. खरे संकट एकाच अरुंद वाटेने अनेक केबल जातात तिथे उभे राहते. आशिया आणि युरोप यांना जोडणाऱ्या बहुतेक केबल तांबड्या समुद्रातून वर चढून इजिप्तची जमीन ओलांडतात आणि भूमध्य समुद्रात उतरतात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल निकामी झाल्या तेव्हा भारतातली कॉल सेंटर अडखळली. लगेच घातपाताच्या कहाण्या सुरू झाल्या. त्याच दिवसांत दुबई आणि ओमान यांच्या दरम्यान तुटलेल्या तिसऱ्या केबलपाशी दुरुस्ती पथकाला पाच-सहा टन वजनाचा, कुणीतरी टाकून दिलेला नांगर सापडला.

नांगराची ही कथा २०२४ मध्ये युद्धाशी जोडली गेली. १८ फेब्रुवारीला येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने ‘रुबीमार’ या मालवाहू जहाजाला तडाखा दिला. खलाशी जहाज सोडून गेले, नांगर पाण्यातच राहिला आणि बुडेपर्यंतच्या दिवसांत ते जहाज वाऱ्यापाण्याबरोबर भरकटत राहिले. याच काळात तांबड्या समुद्रातल्या तीन केबल तुटल्या. भरकटत्या जहाजाच्या नांगराने त्या ओढल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे हल्ला जहाजावर झाला, भुर्दंड मात्र इंटरनेटला पडला. येमेनमध्ये सत्तेचे दोन दावेदार असल्याने परवानगी कुणाकडून घ्यायची हाच पेच होऊन बसला आणि दुरुस्ती महिनोन्महिने रखडली. दुरुस्तीचे मूळ काम फार गूढ नसते. प्रकाशाचा स्पंद सोडून तो किती वेळाने परततो यावरून तुटीची जागा काढतात, जहाजावरून आकडे टाकून टोके वर घेतात, एक टोक बोयाला बांधून ठेवतात आणि मध्ये नवा तुकडा जोडतात. काचतंतू जोडायला काही तास पुरतात. परवाना, विमा आणि हवामान यांच्यापायी आठवडे जातात.

केबल हे युद्धातले लक्ष्य आहे ही जाणीव जुनी आहे. १८७० मध्ये मुंबई एडन-सुएझमार्गे समुद्री तारेने ब्रिटनशी जोडली गेली आणि साम्राज्याचा कारभार तारेवर चालू लागला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्ट १९१४ रोजी, ‘अलर्ट’ या केबल-जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मन तारा तोडल्या. मग जर्मनीला परक्यांच्या तारांवरून निरोप धाडावे लागले आणि १९१७ मधली प्रसिद्ध झिमरमान तार, म्हणजे मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीचा प्रस्ताव देणारा जर्मन परराष्ट्रमंत्र्याचा गुप्त निरोप, ब्रिटिशांच्या हाती लागली. तोडण्यापेक्षा ऐकण्यात जास्त फायदा आहे, हा धडा पुढे सर्वांनीच गिरवला. १९७० च्या दशकात अमेरिकी पाणबुड्यांनी ओखोट्स्क समुद्रातल्या सोव्हिएत लष्करी केबलवर ध्वनिमुद्रण यंत्र बसवले होते. ब्रिटिश गुप्तचर यंत्रणा किनाऱ्यावर येणाऱ्या काचतंतूंमधून प्रचंड प्रमाणात माहिती उचलते, हे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांतून बाहेर आले.

सध्या सर्वाधिक चर्चा बाल्टिक समुद्राची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे दोन दिवसांत दोन केबल तुटल्या आणि संशय ‘यी पेंग ३’ या चिनी जहाजावर गेला. स्वीडनच्या अपघात चौकशीत हेतू सिद्ध झाला नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाचा नांगर समुद्रतळावरून सुमारे ९० किलोमीटर फरफटत गेला. त्यात फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी वीजवाहिनी व काही दूरसंचार केबल तुटल्या. फिनलंडने जहाज ताब्यात घेतले, अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने हे प्रकरण आपल्या अधिकारक्षेत्रात बसत नाही असा निकाल दिला, कारण घटना प्रादेशिक पाण्याबाहेर घडली होती. या क्षेत्रातली सगळ्यात मोठी फट हीच म्हणावी लागेल. ‘नांगर चुकून सुटला’ हे उत्तर खोटे पाडणे जवळजवळ अशक्य आहे, आणि ज्याला तार तोडायची आहे त्याला हे पक्के ठाऊक असते.

कायदा आहे, पण तो शांततेच्या काळातल्या निष्काळजीपणासाठी लिहिलेला आहे. १८८४ च्या पॅरिस करारात केबल तोडणे गुन्हा ठरले, मात्र युद्धमान राष्ट्रांना मोकळीक ठेवली गेली. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार कोणत्याही देशाच्या प्रादेशिक पाण्याबाहेर, खुल्या समुद्रात झालेल्या अशा गुन्ह्याचा खटला मुख्यतः जहाज ज्या देशाचे निशाण लावते त्याने चालवायचा. या दोन्ही करारांत एक शहाणपणाचे कलम आहे : केबल वाचवण्यासाठी नाखव्याने आपले जाळे किंवा नांगर सोडून दिला, तर केबलच्या मालकाने त्याची भरपाई द्यायची.

केबल कुणी टाकायची हाही आता परराष्ट्र धोरणाचा विषय झाला आहे. चिनी कंपनीच्या केबलमधून हेरगिरी होईल, ही अमेरिकेची भूमिका आहे. लॉस एंजेलिसहून निघणाऱ्या एका केबलचा हाँगकाँगला जाणारा भाग २०२० मध्ये अमेरिकी आक्षेपामुळे गळाला. सॉलोमन बेटांची केबल हुआवे या चिनी कंपनीची उपकंपनी टाकणार होती, तिथे ऑस्ट्रेलियाने स्वतः बहुतांश खर्च उचलून दुसरी केबल टाकून दिली. स्नोडेनच्या कागदपत्रांनंतर हेरगिरीचा आरोप एकाच बाजूवर करणे अवघड आहे, पण कंत्राटे त्या आरोपावरच फिरतात.

भारतात आंतरराष्ट्रीय केबल मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम इथे उतरतात. मुंबईतल्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या किनारपट्टीवर एकमेकींच्या जवळजवळ येतात आणि हाच धोक्याचा मुद्दा आहे. समोरचा समुद्र उथळ, त्यात कोळ्यांच्या होड्या, ट्रॉलर, बंदराकडे येणारी मोठी जहाजे आणि पलीकडे मुंबई हायचे तेलक्षेत्र. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२३ मध्ये केंद्राकडे पाठवलेल्या शिफारशींत आणखी एका उणिवेवर बोट ठेवले होते : केबल दुरुस्त करणारे भारतीय निशाणाचे एकही जहाज देशाकडे नाही. तार आपल्याच सागरी हद्दीत तुटली तरी परदेशी जहाज बोलवायचे आणि ते हद्दीत येण्यापूर्वी त्याच्यासाठी निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या गोळा करायच्या, असा क्रम आहे.